स्वयंपाकघरातला माणूस

सिनेमाच्या अगदी शेवटी बायकोने माझ्या हातातला आपला हात काढून घेतला. हिसका देऊन नाही. झोपलेल्या मुलाच्या मानेखालून आपण हात सोडवून घेतो तसा, मला कळू नये अशा बेताने. पडद्यावर तेव्हा केस पिकलेली एक बाई दाराच्या कडीवर हात ठेवून उभी होती. दाराबाहेर तिचा पहिला नवरा होता. तो अंतराळयानातून कुठल्या तरी लांबच्या ताऱ्याकडे गेलेला. त्याची चार-दोन वर्षं म्हणजे इथली तीस, असं काहीतरी त्यात होतं, त्यामुळे बाई म्हातारी झालेली आणि तो होता तसाच. सगळ्यांनी त्याला मेला म्हणून सोडून दिलेलं. तिने दुसरं लग्न केलेलं. हा दुसरा नवरा आत स्वयंपाकघरात पाठमोरा उभा राहून पाव कापत होता. दारावर टकटक झाली, बाई उठली, दारापाशी गेली, कडीवर हात ठेवला, आणि पडदा पांढराफटक झाला. संपलं. क्षणभर कुणालाच काही कळेना. मग मागून कोणीतरी शिट्टी घातली, एकजण "हे काय? फसवलं की!" म्हणून ओरडला, उजव्या बाजूची पोरंपोरी उभी राहून टाळ्या वाजवायला लागली आणि आमच्या पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी मुलाला मोठ्यांदा विचारलं, "उघडलं का रे तिने?" लोक हसले. मीही हसलो असेन. माझा हात मात्र खुर्चीच्या दांडीवर तसाच उताणा पडलेला होता, आणि तो कुठे ठेवावा हे मला सुचत नव्हतं.

बाहेर जिन्यावर गर्दी तुंबली होती आणि प्रत्येकजण भांडत होता. उघडलंच असणार, नाहीतर उठली कशाला? छे, उघडायचं असतं तर इतका वेळ उभी राहिली असती का? एक मुलगी रडून लाल झालेल्या डोळ्यांनी मित्राला सांगत होती की ज्याला हा शेवट कळला नाही त्याला प्रेमच कळलेलं नाही, आणि तो बिचारा दोन्ही बाजूंनी मान हलवत होता. आम्ही दोघंच गप्प. खालच्या पायरीवर आल्यावर मी विचारलं, "कसा वाटला?"

"लांबला जरा."

"आणि शेवट?"

"घसा सुकलाय हो माझा," ती म्हणाली. "पाणी कुठे मिळतं बघा ना."

मी पाणी आणायला गेलो. परत आलो तर ती खांबाला टेकून, चष्मा काढून, पदराच्या टोकाने भिंगं पुसत होती. भिंगं मीच घासलेली आहेत, मला माहीत आहे, ती इतकी पुसावी लागत नाहीत.

आमचा चष्म्यांचा धंदा. माझं नि भागीदाराचं दुकान आहे, पुढे तो गिऱ्हाईक बघतो, मागे मी डोळे तपासतो. ती पहिल्यांदा आली ती तिथेच. नंबर कितीतरी वाढलेला आणि डोळ्यांवर जुनाच चष्मा. अंधाऱ्या खोलीत तिच्या नाकावर ती जड लोखंडी चौकट बसवून मी भिंगं बदलत विचारत होतो, "हे स्पष्ट, की हे?" आणि ती दर वेळी म्हणत होती, "दोन्ही सारखंच." शेवटी मी वैतागून म्हणालो, "बाई, काहीतरी एक वेगळं दिसतच असेल." तेव्हा ती हसली आणि म्हणाली की बरेच दिवस काही नीट बघितलेलं नाही, त्यामुळे वेगळं म्हणजे काय ते विसरायला झालंय. पुढे कळलं की तिचा नवरा मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता, आणि समुद्र अगदी शांत असताना, वारा नाही, वादळ नाही, तो एका सकाळी जहाजावर सापडला नाही. पाण्यातही सापडला नाही. कायद्याने थांबायचं तेवढं थांबून मग सरकारदरबारी तो मेला. मग आमचं लग्न झालं. तिची मुलगी तेव्हा शाळेत जाणारी. तिला खारू म्हणतात, लहानपणी दोन्ही गालांत घास भरून बसायची म्हणून. मीही खारूच म्हणतो. ते नाव त्याने ठेवलेलं आहे हे मला लग्नानंतर कितीतरी महिन्यांनी कळलं, आणि त्या दिवसापासून तिला हाक मारताना मी दुसऱ्याच्या चपला घालून चाललोय असं मला वाटतं.

मेलेल्याचा हेवा करू नये म्हणतात. पण मेलेल्याची निदान राख होते, तेरा दिवस होतात, लोक येऊन "गेला बिचारा" म्हणून जातात. ह्याचं तसलं काहीच झालं नाही. हा गेलाच नाही, नुसता नाहीसा झाला. बायकांच्या वाट्याला निदान सवत असा शब्द तरी आलाय, सवतीमत्सर म्हटलं की चारचौघांत कळतं तरी. ह्या शब्दाला पुल्लिंग नाही. मी शोधलं आहे. घरात त्याचा एकही फोटो नाही. मी दुखावू नये म्हणून तिने आपणहून काढून ठेवले, आणि मी काही दिवस त्याबद्दल तिचे उपकारही मानले. नंतर लक्षात आलं, भिंतीवर असता तर मी त्याला रोज बघितलं असतं, त्याचं नाक मोठं आहे, कपाळ लहान आहे, असं काहीतरी मला मिळालं असतं. आता त्याला चेहराच नाही, त्यामुळे तो कसाही असू शकतो. आणि आणखी एक. ती मला 'तुम्ही' म्हणते. 'अहो' म्हणते. माणूस म्हणून ती माझा आदरच करते, त्यात खोट काढायला जागा नाही. पण कधी त्याची गोष्ट निघालीच, तर "मी त्याला म्हटलं, जा रे, तुझं काहीतरीच," असं तिच्या तोंडून निघून जातं. तो अरे-तुरेतला. मला मिळालेला हा सगळा आदर मी त्या एका 'रे'साठी देऊन टाकला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खारू कॉलेजला जायच्या घाईत उभ्याउभ्या कॉफी पीत होती. तिने सिनेमा मैत्रिणींबरोबर आधीच बघितला होता. "काका, तुमचं काय मत? उघडलं की नाही?"

"सिनेमा आहे तो," मी म्हणालो. "दिग्दर्शकाला विचार."

"असं कसं? काहीतरी वाटलं असेलच ना. माझ्या वर्गात दोन पार्ट्या पडल्यात, एकमेकींशी बोलत नाहीत. मी म्हणते उघडलंच. कोण नाही उघडणार? आपलं माणूस इतक्या लांबून आलंय, दारात उभं आहे आणि ही विचार करणार? मी तर धावत गेले असते." तिने कप ठेवला आणि आईकडे वळली. "हो की नाही ग आई?"

बायको ओट्याकडे तोंड करून उभी होती. ती म्हणाली, "तुझी बस जाईल."

"बघा! हिला काही विचारलं की बस जाते," खारू म्हणाली आणि खरंच गेली. 'आपलं माणूस' हे दोन शब्द तिच्या कपाशेजारी टेबलावर राहिले. तिचा दोष नव्हता. तापात तिच्या उशाशी बसलेला, तिला सायकल शिकवताना गुडघे फोडून घेतलेला मी, आणि तरी त्या सोप्या हिशेबात आपलं माणूस बाहेरून येतं आणि आत जे असतं ते काका असतं. मला तिचा राग आला नाही. मला त्याचा राग आला. काही न करता, नुसतं नसल्यामुळे ह्याला सगळं मिळतं.

दुकानात तर त्या सिनेमाशिवाय दुसरा विषय उरला नव्हता. डोळे तपासायला बसलेली माणसं अक्षरं वाचता वाचता शेवटावर यायची. एका रिटायर्ड जज्जसाहेबांनी मला सांगितलं की कायद्याने पहिलं लग्न संपलेलं आहे, सबब दार उघडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. भागीदाराचं मत आणखी व्यवहारी. "उघडून करायचं काय तिने? सांगा. हा तिशीतला गडी, ही साठीची. रस्त्याने बरोबर निघाले तर लोक म्हणतील, मुलगा आईला दवाखान्यात नेतोय."

"आणि तो दुसरा?" मी विचारलं.

"दुसरा कोण?"

"दुसरा नवरा. आत पाव कापत असतो तो."

भागीदाराने चष्म्याच्या फ्रेमच्या एका दांड्याने कानामागे खाजवत आठवून पाहिलं. "असा कोणी होता?" तो म्हणाला. "असेल बुवा. मला वाटलं, स्वयंपाकी."

त्या दिवसापासून मला ते व्यसन लागलं. गिऱ्हाईक नसलं की मी मागच्या खोलीत बसून मोबाइलवर लोकांनी त्या शेवटाबद्दल काय काय लिहिलंय ते वाचायला लागलो. हजारो माणसं लिहीत होती. कोणी म्हणे ती पांढरी चकाकी म्हणजे मृत्यू, बाई दारातच मेली. कोणी म्हणे बाहेर नवरा नव्हताच, तिच्या मनाचे खेळ. एकाने कडीचा फोटो मोठा करून बोटं आत वळलीत की बाहेर ह्यावर पानभर लिहिलं होतं. कोणी शिव्या देत होतं, कोणी आपल्या सोडून गेलेल्या माणसाबद्दल भलतंच काही लिहून रडत होतं. वाचता वाचता मी प्रत्येक मतामागे माझी बायको शोधायचो. हे तिने लिहिलं असेल का? टोपणनावाने? ती हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसते, दिवसभर कुणाला तरी कुणाशी जोडून देते, मधल्या वेळात तिच्याही हातात मोबाइल असतोच. एका बाईने लिहिलं होतं, 'मी असते तर दाराला पाठ लावून खाली बसले असते,' आणि हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं की शेवटी ते मला तिच्या आवाजात ऐकू यायला लागलं. मग एके दिवशी मीच लिहिलं. खोट्या नावाने. 'तुम्ही सगळे दाराबद्दल बोलता. आत एक माणूस आहे. त्याचं काय?' बराच वेळ कोणी फिरकलं नाही. मग एकाने लिहिलं, 'त्याचं काय व्हायचंय? तो पाव कापत राहील.' खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. माझे कान तापले. आणि त्या रांगेच्या खाली आणखी एकाने लिहिलं होतं, 'नीट बघा. टकटक झाल्यावर त्याची सुरी थांबते. तो मागे वळत नाही, पण सुरी थांबते. त्याला सगळं माहीत आहे.'

मला हे दिसलं नव्हतं. म्हणजे मी स्वतः त्या माणसाचा एवढा कैवारी, पण शेवटच्या क्षणी मी बघत होतो माझ्या रिकाम्या हाताकडे. सुरी थांबते की नाही हे मला बघणं भागच होतं. ते कळलं तर जणू माझंच काहीतरी नक्की होणार होतं. मी भागीदाराला सांगितलं, दात दुखतोय, दाखवून येतो, आणि दुपारच्या खेळाला जाऊन बसलो.

थिएटर जवळजवळ रिकामं. आत शिरलो तेव्हा सिनेमा सुरू झाला होता, मी चाचपडत मागच्या रांगेत बसलो. पडद्यावर यान निघत होतं, त्याचा उजेड खुर्च्यांवर पडला आणि पुढे चार रांगा सोडून मला एक मान दिसली. बारीक, किंचित डावीकडे कललेली. दिवसभर कानाला यंत्र लावून बसल्यामुळे ती तशी कलते, घरीही. माझी बायको. सकाळी ती डबा घेऊन ड्यूटीला म्हणून निघाली होती, मी जिना उतरेपर्यंत सोबत गेलो होतो. गंमत अशी की ती एकटी होती, आजूबाजूच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि शेजारी एखादा पुरुष बसलेला असता तर मला सोपं गेलं असतं. उठून गेलो असतो, गचांडी धरली असती. पण जो तिला भेटायला आला होता तो पडद्यावर होता, काचेच्या टोपात हसत होता, आणि ती चोरून, मला खोटं सांगून, ड्यूटी बुडवून त्याला बघायला आली होती. मी सिनेमा बघितलाच नाही. मी ती मान बघत होतो. ती कुठे हलते, कुठे ताठ होते. तो यानातून घरी निरोप पाठवतो तिथे ती ताठ झाली. तो झोपेत बायकोचं नाव घेतो तिथे तिने चष्मा काढला आणि पुन्हा घातला. मला वाटलं, माझ्याबरोबर इतकी वर्षं राहून मी तिची मान अशी ताठ होताना कधी पाहिली आहे? मी नाहीसा झालो तर ही मान अशी होईल का? असले विचार करायला वयाची लाज वाटायला हवी होती, पण अंधारात कसली लाज. मग बाईचं म्हातारपण आलं, ते घर आलं, दुसऱ्या नवऱ्याची पाठ आली. आणि दारावर टकटक व्हायच्या आधीच माझी बायको उठली आणि मधल्या वाटेने वर येऊ लागली. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. तिचे पाय माझ्याजवळून गेले. मागे टकटक झाली, सुरी थांबली की नाही देव जाणे. मी तिच्यामागून निघालो होतो.

बाहेरच्या दालनात भर दुपारचं ऊन आलं होतं. एक माणूस फरशी पुसत होता. ती भिंतीकडेच्या बाकावर बसली होती, डबा मांडीवर. मला बघून तिच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग ते गेलं.

"तुम्ही? दुकान?"

"दात दुखतोय," मी म्हणालो. "आणि बोर्ड?"

"माझाही दुखतोय," ती म्हणाली.

फरशी पुसणाऱ्याने आमच्या पायांकडे बघून फडकं थांबवलं, आम्ही पाय उचलले, तो पुसून पुढे गेला. मी तिच्याशेजारी बसलो. म्हणायचं ठरवलं होतं ते सगळं विसरलो आणि नुसतं म्हणालो, "इतकी आठवण येते त्याची?"

"त्याची नाही," ती म्हणाली. मग बराच वेळ डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत राहिली. "मला त्या बाईचं तोंड बघायचं होतं. दाराकडे जातानाचं. घाबरलेली असते की आनंदात. त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं नि नीट दिसलं नाही. म्हटलं पुन्हा बघावं. पण आजही नाही बसवलं."

"कशासाठी बघायचं होतं?"

तिने सांगितलं, अगदी सपाट आवाजात, बोर्डावर बोलते तसं. आमच्या लग्नाला दोनेक वर्षं झाली असताना जहाज कंपनीच्या ऑफिसातून तिला फोन आला होता. दूर कुठल्या बंदराच्या हॉस्पिटलात एक माणूस सापडलाय. स्वतःचं नाव सांगता येत नाही. वयाने जुळतो, उंचीने जुळतो. येऊन फोटो बघून जा. ती मला न सांगता गेली. तिथल्या साहेबाने संगणक तिच्याकडे वळवला.

"तो नव्हता," ती म्हणाली. "फोटोतल्याचे कान वेगळे होते. त्याचे कसे डोक्याला चिकटलेले. एका नजरेत कळलं, नाही. आणि मला..." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "मला हायसं वाटलं हो. बघता बघता हसूच आलं मला. तो साहेब घाबरला, त्याला वाटलं धक्का बसला, पाणी दिलं त्याने. मी तिथून चालत घरी आले. खारू अंगणात खेळत होती, तुम्ही पंख्याला तेल घालत होता. मी ते सगळं बघितलं आणि म्हटलं, चला, वाचलं."

माझ्या छातीत काहीतरी फुगत चाललं होतं, कढईत पुरी फुगते तसं भराभर, आणि ते चेहऱ्यावर येऊ नये म्हणून मी समोरच्या जाहिरातीकडे वळलो. पुढच्या आठवड्यात कुठलासा विनोदी सिनेमा लागणार होता. मी त्या नटांची दात विचकलेली तोंडं बारकाईने बघू लागलो.

"मला का नाही सांगितलंस?" मी तिकडेच बघत विचारलं. "तेव्हाच?"

"तुम्ही खूश झाला असता," ती म्हणाली. "आणि तुम्हाला खूश झालेलं मला बघवलं नसतं."

फरशी पुसणारा माणूस बादली घेऊन निघून गेला. आतून एकदम ओरडा ऐकू आला, त्यात दोन-तीन टाळ्या. म्हणजे पडदा पांढरा झाला असणार. दारं उघडली आणि सात-आठ माणसं डोळे मिचकावत बाहेर आली. एकजण दुसऱ्याला म्हणत होता, "अरे पण उघडलं की नाही ते तरी सांगायचं!"

"झालात ना खूश?" ती म्हणाली. रागाने नव्हे. पावसाने भिजून आलेल्याला विचारावं तसं.

खोटं बोलायला मला काही सुचलं नाही. "हो," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि डबा पिशवीत टाकला. आम्ही जिना उतरून रस्त्याला लागलो. ऊन अजून कडक होतं, दुकानांच्या सावल्या लांबायला लागल्या होत्या, ती सावलीच्या बाजूने आणि मी उन्हाच्या. इतकी वर्षं जे मागत होतो ते मला मिळालं होतं. तो दारात उभा राहिला असता तर तिला माझा पंखा आणि तेलाची बुधली आठवली असती. मी जिंकलो होतो. कोपऱ्यापर्यंत ते पुरलं. मग मी विचारलं, "आणि तो? फोटोतला? त्याला कोणी ओळखलं का पुढे?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "मी विचारलंच नाही. उठले नि निघाले." थोडं चालून ती म्हणाली, "उशीवर टेकून बसवलेलं होतं त्याला. केस कोणीतरी नीट विंचरलेले. फोटो काढायचाय म्हणून. कुणाचा तरी असेलच ना हो तो."

हे ती मला सांगत नव्हती. कितीतरी वर्षं ती हे स्वतःला सांगत आली असणार, बोर्डावर बसून, ओट्याशी उभी राहून, माझ्या शेजारी पडून. तिची मान डावीकडे कलली होती आणि ताठ झाली होती, आणि गर्दीतून तिच्या बरोबरीने चालताना मला कळून चुकलं, की ज्याला नाव नाही, ज्याला न्यायला कोणी गेलं नाही, त्या नीट विंचरलेल्या केसांच्या माणसाचाही आता मला हेवा वाटू लागला होता.